दोर पाण्यात पडत नाही

१

"…धक्क्यावर चिटपाखरू नसतं, तरी कुझमानं फेकलेला दोर म्हणे पाण्यात पडत नाही. आणि तो झेलतं कोण, तर नेदिल्का—"

बेकरीच्या दारावरची घंटी वाजली आणि तेरेझाचं बोलणं तिथंच तुटलं. दारात दिन्का उभी होती. डोक्याला रुमाल, हातात रिकामी पिशवी आणि कान टवकारलेले.

"पाव संपला," तेरेझा म्हणाली.

"मी अजून मागितलाय कुठं? नेदिल्काचं काय म्हणत होतीस?"

"कोण नेदिल्का?"

"कोण नेदिल्का! तुझ्या लग्नात जिनं रात्रभर चुलीपुढं बसून गोड फ्रितुले तळले, ती. जिच्या मयताला तू माझा काळा कोट मागून नेलास, ती."

गल्ल्यापाशी उभी असलेली लुत्से एकाएकी काचेतल्या केककडे असं वाकून बघायला लागली, जणू जन्मात पहिल्यांदा केक दिसला होता. तेरेझानं फळीखालून एक गरम पाव काढला, म्हणजे संपला नव्हताच, आणि तो दिन्काच्या पिशवीत कोंबला. "सणाचे दिवस आहेत, दिन्का. जाऊ दे ना."

जाऊ देणं दिन्काच्या स्वभावात नव्हतं. त्या गल्लीत कुणाची मुलगी जर्मनीहून फोन करत नाही, कुणाच्या घरी डॉक्टर मागच्या दारानं आला, हे तिला सगळ्यांच्या आधी कळायचं. बार्बा कुझमांचं घर तर तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच. गावातली लहानमोठी सगळी त्यांना बार्बा म्हणत, जसं त्या किनाऱ्यावर कुठल्याही म्हाताऱ्या दर्यावर्दीला म्हणतात. बायको नेदिल्का गेल्यापासून त्यांचा दिवा कधी लागतो, कधी मालवतो, हे दिन्का नेमानं बघायची. वाडगाभर सूप नेऊन द्यायची आणि रिकामा वाडगा आणायच्या निमित्तानं आत डोकावून यायची. आणि त्याच बार्बांबद्दल गावात काहीतरी बोललं जातं आणि तिला पत्ता नाही! पाव निवून गार झाला तरी तिला चैन पडेना.

२

संध्याकाळी झाग्रेबहून येसेन्काचा फोन आला. येसेन्का ही बार्बांची एकुलती एक मुलगी, दिन्काच्या शाळेतली.

"बाबा यंदाही निघालेत," ती म्हणाली.

निघालेत म्हणजे कुठं, हे विचारायची गरज नव्हती. उन्हाळ्यात त्या गावातली प्रत्येक मोटरबोट परक्यांची असते. झेक, पोलिश, जर्मन पाहुण्यांना फिरवता फिरवता बोटवाल्याला स्वतःच्या समुद्राकडे बघायची फुरसत होत नाही. म्हणून त्याची सुट्टी हिवाळ्यात, नाताळ झाला की सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत. बार्बा आणि नेदिल्का दर वर्षी आपली बोट 'लास्ता' घेऊन निघायचे. वेलेबित डोंगराच्या पायथ्याशी किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली, मग अरुंद खाडीतून आत, झ्रमान्या नदीतून वर ओब्रोवात्सपर्यंत, आणि तसंच परत. थंडीत कुडकुडत सूप प्यायचं आणि मनसोक्त भांडायचं, अशी त्यांची सुट्टी. नेदिल्का गेली त्या हिवाळ्यातही बार्बा निघाले. एकटे. त्यानंतरच्या हिवाळ्यांतही.

"पण आता बस झालं," येसेन्का म्हणाली. "हात थरथरतात त्यांचे. इथं खोली तयार आहे, लिफ्ट आहे, समोर दवाखाना आहे. घर बंद करायचं, बोट विकायची. दिन्का, तू जा त्यांच्याबरोबर. माझं ते ऐकणार नाहीत, पण तुझ्या सुपाला नाही म्हणायचे नाहीत. जा, बघ, आणि मला खरं काय ते सांग. डोकं ठिकाणावर असेल तर राहू देत तिथंच. नसेल, तर तीन राजांच्या सणाला मी गाडी घेऊन येते आणि त्यांना घेऊन जाते."

"त्यांच्या डोक्याला काय झालंय?"

"लोक काहीबाही कळवतात. आईबद्दल."

"काय कळवतात?"

"तूच बघून सांग."

म्हणजे एका म्हाताऱ्या माणसाचं घर, बोट आणि उरलेलं आयुष्य त्या संध्याकाळी दिन्काच्या जिभेवर येऊन बसलं. तिला ते जड वाटलं. पण खोटं कशाला सांगा, थोडा आनंदही झाला.

तिचा नवरा व्हिन्को पाठीला गरम पिशवी लावून टीव्हीसमोर पडला होता. "जा, जा," तो म्हणाला. "म्हाताऱ्याबरोबर पळून जा. फक्त लोणच्याच्या कोबीची बरणी कुठं आहे ते सांगून जा."

"तुझ्या नाकासमोर."

"म्हणजे गेली. आता ती मला सापडायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाठोडं घेऊन धक्क्यावर गेली तेव्हा बार्बा इंजिनावर वाकले होते. त्यांनी मान वर केली. "तुला येसेन्कानं पाठवलंय."

"हो."

"निदान खोटं तरी बोलत नाहीस. बरं, चल. सूप तू करायचं. आणि दर पाच मिनिटांनी प्रश्न विचारायचे नाहीत."

"दर दहा?"

"चढ, दिन्के. पाय सांभाळ."

३

पहिला दिवस इतका सुरेख होता की दिन्काला आपण हेरगिरीला आलोय याची लाज वाटली. आकाश काचेसारखं, वेलेबितच्या माथ्यावर बर्फ, पाण्यावर सुरकुती नाही. इंजिन टुकटुकत होतं. बार्बा सुकाणू एका हातात धरून दुसऱ्या हातानं वाळवलेली अंजिरं खात होते. त्यांचं बोलणं स्पष्ट होतं, आठवण पक्की होती. थरथरणारा हात सुकाणूवर गेला की थांबायचा. कोणता खडक कुठं पाण्याखाली आहे ते त्यांना न बघता माहीत होतं. दिन्कानं मनातल्या मनात येसेन्काला सांगूनही टाकलं, अगं, तुझा बाप तुझ्यामाझ्याहून शहाणा आहे.

ऊन कलताना त्यांनी एका लहानशा गावाकडे बोट वळवली. उन्हाळ्यात तिथं पाय ठेवायला जागा नसते. आता सगळ्या खिडक्यांना फळ्या लावलेल्या, खानावळीच्या खुर्च्या एकावर एक रचून साखळीनं बांधलेल्या, धुराड्यातून धूर नाही.

त्या किनाऱ्यावर एक रीत आहे. बोट लागताना दिसली की धक्क्यावर जो कुणी असेल त्यानं हातातलं काम टाकायचं आणि दोर झेलायचा. ओळख असो, नसो. लुत्सेचा नवरा आणि त्याचा भाऊ ऑलिव्हच्या एका झाडापायी एकमेकांशी बोलत नाहीत, पण दोर झेलतात. मान फिरवून झेलतात, तरी झेलतात. झेलणाऱ्यानं दोर खुंटाला बांधायचा मात्र नाही. नुसता धरून उभं राहायचं. बोटवाला वर येतो, त्याच्या हातातून दोर आपल्या हातात घेतो, 'फाला' म्हणून उपकार मानतो आणि आपली बोट आपण बांधतो. दुसऱ्यानं बांधलेल्या बोटीत त्या लोकांना झोप लागत नाही.

हिवाळ्यात अशा स्वच्छ थंडीत समुद्र मागं हटतो आणि धक्के उंच होऊन बसतात. बोटीत उभं राहिलं की समोर नुसती शेवाळलेली दगडी भिंत, वरचं काही दिसत नाही. बार्बांनी इंजिन मंद केलं, दोराचं वेटोळं उचललं आणि वर न बघता भिरकावलं.

दोर भिंतीच्या काठावरून पलीकडे गेला. पडल्याचा आवाज आला नाही. मग तो ताठ झाला आणि 'लास्ता' हळूच, मांडीवरचं मूल सरकवावं तशी, धक्क्याकडे सरकली.

बार्बा लोखंडी पायऱ्यांवरून वर गेले. "फाला," त्यांचा आवाज आला. साधा, रोजचा.

दिन्का त्यांच्या पाठोपाठ धापा टाकत चढली. वर बार्बा खुंटाला गाठ मारत होते. बाकी कुणी नव्हतं. धक्का लांबलचक, उघडाबोडका, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक मांजर तेवढं.

"कोण होतं?"

"दोर झेलला कुणीतरी."

"हो, पण गेलं कुठं?"

"दहा मिनिटं झाली का?" बार्बा म्हणाले आणि मांजराकडे बघून जीभ टाळूला लावून आवाज केला.

रात्री केबिनमध्ये पांघरुणात पडल्या पडल्या तिनं सगळ्याचा नीट विचार केला. दोर खुंटात अडकला असणार. ओल्या दोराला वजन असतं, तो बसतो घट्ट. बोट पाण्यानं सरकली असेल. आणि फाला? सवय. चाळीस वर्षांची सवय तोंडातून जाते का? या विचारानं तिला झोप लागली. पण खुंटावर समुद्रपक्ष्यांची विष्ठा आणि मिठाचा पांढरा थर अख्खाच्या अख्खा होता, बार्बांच्या गाठीखेरीज कुठं ओरखडाही नव्हता, हे तिनं वर चढताना बघितलं होतं. ते तिनं विचारात घेतलं नाही.

४

नदीत शिरल्यावर सगळं जवळ आलं. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधे हिरवं पाणी, काठाला वाळकी लव्हाळी. इंजिनाचा आवाज कड्यांवर आपटून परत यायचा आणि तो परत येणारा आवाज किंचित उशिरा थांबायचा. दिन्काला वाटे, मागून आणखी एक बोट येतेय. ती वळून बघे, तर नुसती त्यांच्याच बोटीची लाट काठाला लागत असे.

दुपारी सुपासाठी थांबायचं म्हणून बार्बांनी एका पडक्या गिरणीच्या धक्क्याकडे बोट घेतली. गिरणीचं छप्पर केव्हाच आत कोसळलेलं, भिंतीतून अंजिराचं झाड उगवलेलं. नदीचा धक्काही उंच, वर झुडपं माजलेली. इथं कोण येतंय, दिन्का मनात म्हणाली, आणि या वेळी डोळे दोरावरून हलवायचे नाहीत असं तिनं ठरवलं.

बार्बांनी दोर फेकला. झुडपांत काही सळसळलं नाही. मग दोर ओढला जाऊ लागला. एक ओढ, जरा थांबणं, दुसरी ओढ, जरा थांबणं. हातावर हात टाकत माणूस दोर ओढतो तसा. खुंट असा ओढत नाही. झाडाची फांदी असा ओढत नाही.

तिला राहवलं नाही. पुढं होऊन तिनं चालत्या दोरावर तळहात ठेवला. त्यात कंप होता, बारीक, जसा गळाला लागलेल्या माशाचा दोरीतून जाणवतो. फरक एवढाच की तिनं हात ठेवताच ओढ थांबली. वर जे कुणी होतं त्याला खाली दुसरं माणूस आहे हे कळलं होतं.

दिन्कानं हात असा मागं घेतला की कोपर केबिनच्या दारावर आपटलं.

"लागलं?" बार्बांनी विचारलं.

"नाही."

ओढ पुन्हा सुरू झाली. आधीपेक्षा हळू. नवख्या माणसाला सांभाळून घ्यावं तशी.

बार्बा वर गेले. "फाला," म्हणाले. दोराचं टोक त्यांनी गाठ मारून खाली सोडलं, ते लोंबत दिन्काच्या समोर आलं. बाकीचा दोर नदीच्या पाण्यानं बर्फासारखा गार होता. टोक कोरडं होतं आणि किंचित कोमट.

५

सुपात मीठ जास्त पडलं. बार्बांनी न बोलता ते प्यायलं, पाव मोडून वाडगा पुसला. केबिन म्हणजे दोन बाकं, एक पत्र्याची शेगडी आणि एक खिडकी, खिडकीत हिरवं पाणी. शेगडीवरचं झाकण वाफेनं टकटकत होतं.

"विचार," बार्बा म्हणाले. "फुटशील नाहीतर."

"बार्बा, ती नेदिल्का आहे का?"

बार्बांनी तिच्याकडे बघितलं आणि ते हसायलाच लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "नेदिल्का? असं म्हणतात होय गावात? अगं, नेदिल्कानं जन्मात कधी दोर झेलला नाही! मी फेकायचो, ती बाजूला व्हायची. चपला खराब होतात म्हणायची. कमरेवर हात ठेवून वरून ओरडायची, 'कुझमा, डावीकडे! डावीकडे, बैला!' दोर पडायचा पाण्यात, मी भिजलेला दोर ओढून परत फेकायचो. चाळीस वर्षं. तिनं जर आता मरून दोर झेलायला सुरुवात केली असेल, तर मी आधी तिला विचारीन, बाई, एवढी वर्षं काय झालं होतं?"

दिन्कालाही हसू आलं आणि हसता हसता अंगावर काटा आला. "मग कोण आहे?"

बार्बांनी वाडगा खाली ठेवला.

"ती गेली त्या हिवाळ्यात मी निघालो ना," ते म्हणाले, "तेव्हा परत यायचं ठरवून निघालो नव्हतो. तू त्या दिवशी सूप आणलं होतंस, आठवतं? मी वाडगा धुऊन तुझ्या दारात ठेवला. कुणाची वस्तू घरात राहायला नको म्हणून."

दिन्काला तो वाडगा आठवला. दारात, पालथा. तेव्हा तिला वाटलं होतं, म्हातारा सावरला.

"किनाऱ्यावर एक ओसाड खेडं आहे, स्तारा द्रागा. घरंदारं टाकून सगळे अमेरिकेला गेले, त्यालाही जमाना झाला. तिथं गेलो. म्हटलं, इथं बघायला कुणी नाही. बोट धक्क्यापाशी नेली आणि दोर फेकला. का फेकला? धक्का दिसला की हात फेकतो, बाकी काही नाही. आणि तो झेलला गेला. आता सांग मला. कुणीतरी आपलं काम टाकून आलंय, थंडीत उभं आहे, तुझा दोर धरून तुला काठाला ओढतंय. त्याला काय सांगणार, सोड म्हणून? बरं दिसतं का ते? मग गेलो वर. फाला म्हटलं. बांधली बोट. एकदा बांधली की मग माणूस चूल पेटवतो, काहीतरी खातो, सकाळ होते."

शेगडीवरचं झाकण टकटकत राहिलं.

"भीती नाही वाटत?"

"वाटते की. म्हणून वर बघत नाही. आणि विचारत नाही. दोर झेलणाऱ्याला कुणी नाव विचारतं का? तू विचारशील म्हणा, तुझा भरवसा नाही. पण नको विचारूस."

दिन्कानं वाडगे गोळा केले आणि ते नदीच्या पाण्यात विसळायला बाहेर गेली. बराच वेळ विसळत बसली. येसेन्काला काय सांगायचं? म्हणे डोकं ठिकाणावर आहे का बघ. ठिकाणावर असलेल्या डोक्यानं हे असलं सांगितलं, आणि तिच्या तळहाताला ते आधीच माहीत होतं.

६

परतीच्या वाटेवर खाडीतून बाहेर पडतात न पडतात तोच बूरा सुटला. वेलेबितवरून खाली कोसळणारा तो वारा आधी डोंगरमाथ्यावर ढगाची पांढरी कड दाखवतो. बार्बांनी ती बघितली आणि एकच शिवी दिली. घटकाभरात समुद्र पांढरा झाला. लाटा मोठ्या नव्हत्या, पण वारा त्यांचे शेंडे खुडून हवेत उधळत होता. भर दुपारी दहा हातांपलीकडचं दिसेना. चेहऱ्यावर मीठ गोठत होतं. 'लास्ता' कलली, बार्बा सुकाणूवर आपटले आणि त्यांचं मनगट कसंतरीच वाकलं.

"काही नाही," ते ओरडले. "आत घेतो! पकडून बस!"

आत म्हणजे कुठं ते दिन्कानं विचारलं नाही. पांढऱ्या उधळणीतून दगडी भिंत पुढं आली तेव्हा तिला कळलंच. स्तारा द्रागा.

बार्बांनी चांगल्या हातानं दोर फेकला. तो गेला. ताठ झाला. पण वारा बोटीला भिंतीवर आपटायला बघत होता, आणि इंजिनावरून, सुकाणूवरून हलणं बार्बांना शक्य नव्हतं.

"दिन्के! तू जा वर! दोर घे!"

"मी?"

"हातातून घ्यायला हवा कुणीतरी! त्यांना तसंच उभं ठेवायचं का या वाऱ्यात?"

त्यांना, असं म्हणाले ते, त्याला नाही. दिन्काला हे पायरी चढताना लक्षात आलं, आणि तोवर परत फिरायला उशीर झाला होता.

वर आल्यावर वाऱ्यानं तिला उभं राहू दिलं नाही. ती गुडघ्यांवर, मान खाली घालून, डोळे अर्धे मिटून. दोर तिच्या खांद्याच्या उंचीला होता, ताठ, हवेत. तो दोर तिनं स्वतः त्या सकाळी गुंडाळून ठेवला होता. केवढा होता ते तिला ठाऊक होतं. इथं काठावरच तो संपायला हवा होता. पण तो तिच्या अंगावरून पुढं गेला होता, फरशी ओलांडून, दोन पडक्या भिंतींच्या मधून, पार आत, जिथं पांढऱ्या उधळणीपलीकडे काही दिसत नव्हतं. आणि त्यावर हात होते.

तिनं नीट बघितलं नाही. तिनं नंतर स्वतःला असंच सांगितलं. तरी बघितलं तेवढं पुरे होतं. अंगठ्यापाशी उसवलेला लोकरी हातमोजा. एक पिठात माखलेला, मनगटापर्यंत. एकाला माशाची खवलं चिकटलेली. एकाला साबणाचा फेस, तो वाऱ्यानं उडतही नव्हता. हातातलं काम टाकून आलेले हात, एकामागं एक, एकामागं एक. मनगटांच्या वर नुसतं पांढरं.

तिच्या छातीत प्रश्नांची गर्दी झाली. तुम्ही कुणाकडचे? कुठलं घर? अमेरिकेला गेलात ते सगळे गेलात ना? मग हे इथं कोण राहिलं? आयुष्यभर ज्या जिभेला तिनं कधी लगाम घातला नव्हता, ती तिनं दातांत धरली, रक्ताची चव येईपर्यंत.

"फाला," ती म्हणाली. वाऱ्यात तिचं तिलाही ऐकू आलं नाही. तिनं दोन्ही हातांनी दोर धरला.

दूरचे हात आधी सुटले. दोरात ते कळत होतं, एकेक सुटत जवळ येताना, आणि बोटीचा भार थोडा थोडा तिच्या दंडांत उतरत होता. शेवटचा हात तिच्या हाताला लागून होता, हातमोज्याचा. तो सुटला नाही. दोरावरून घसरत तिच्या मनगटावर आला, बोटांवरून फिरला, तिची अंगठी चाचपली. आंधळं माणूस ओळख करून घेतं तसं. गार होता, पण दांडगाई नव्हती त्यात. नुसतं कुतूहल होतं. ते कुतूहल दिन्का ओळखत होती. तिचंच होतं ते.

"दिन्का," ती बोलून गेली. "दिन्का, व्हिन्कोची."

हात निघून गेला. हवेतला दोर तिच्या पुढ्यात सैल पडला, होता तेवढाच, आखूड. तिनं तो खुंटाला बांधला, आणि बार्बा वर येईपर्यंत तिथंच, खुंटाला मिठी मारून बसून राहिली.

"विचारलंस काही?" तिला उठवत बार्बांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "विचारलं काहीच नाही."

७

तीन राजांच्या सणाच्या आधी ते घरी पोचले. बार्बांचं मनगट दिन्कानं कोबीची पानं बांधून शेकलं. मग स्वतःच्या स्वयंपाकघराचं दार लावून तिनं फोन केला.

"बोल," येसेन्का म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "लोक म्हणतात आई त्यांचा दोर झेलते. आणि ते तिच्याशी बोलतात."

"खोटं. तुझ्या आईनं जन्मात कधी दोर झेलला होता का?"

येसेन्का एकदम हसली आणि ते हसणं मधेच भिजलं. "नाही गं. चपला! चपलांपायी बाजूला व्हायची." नाक पुसल्याचा आवाज आला. "मग सगळं खोटंच म्हणायचं?"

"तुझ्या आईचं खोटं."

"आणि दोर? दोर कोण झेलतं त्यांचा?"

"धक्क्यावर जो कुणी असेल तो. सगळ्यांचाच झेलतात तसा." दिन्का खिडकीतून समोर बघत होती. बार्बांचा दिवा लागला होता. "त्यांना नेऊ नकोस, येसेन्का. तिथं त्यांना काठाला ओढून घेणारं कुणी नाही. सणाला ये, जेव, रडायचं तेवढं रड आणि परत जा. घर आणि बोट राहू दे. माझ्या जबाबदारीवर."

"तुझ्या जबाबदारीवर," येसेन्का म्हणाली. आणि मग, "पण तू लक्ष ठेवशील ना?"

"मी?" दिन्का म्हणाली. "मी दुसरं करते काय?"

सण झाला. येसेन्का आली, रडली, गेली. बार्बांच्या मनगटाची सूज उतरली आणि एका कुंद, वारा नसलेल्या सकाळी ते जाळी बघायला निघून गेले. धुकं इतकं होतं की चर्चचा मनोरा अर्धाच होता. दिन्का कांदा चिरत होती. 'लास्ता'चं टुकटुकणं कानावर आलं तशी सुरी टाकून, घरातल्या सपातांतच, ती धक्क्याकडे धावली. इतक्या सकाळी तिथं दुसरं कुणी नव्हतं.

खालून दोर आला. तिनं झेलला. पहिल्यांदाच इतका छान झेलला आणि तिला स्वतःचं कौतुक वाटलं. ती ओढायला लागली. बोट जड असते, तिला ठाऊक होतं, बायामाणसांचा घाम निघतो. पण 'लास्ता' कशी अलगद येत होती. मग तिच्या लक्षात आलं की दोराचं मागचं टोक फरशीवर पडल्याचा आवाज आलेला नाही. ते तिच्या पाठीमागं, कमरेच्या उंचीला, ताठ होतं.

पाय पळायला बघत होते. पण दोर हातात होता आणि खाली म्हातारा माणूस होता.

बार्बा पायऱ्या चढून वर आले, धापा टाकत, टोपीवर दव. तिच्या हातातून त्यांनी दोर घेतला.

"फाला, दिन्के."

मग त्यांची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली, आणि लगेच खाली वळली. त्यांनी टोपी काढली.

"फाला," ते पुन्हा म्हणाले.

दिन्कानं मागं वळून बघितलं नाही. धक्का तिथं अरुंद होता, म्हणून ती जराशी बाजूला सरकली. जागा व्हावी एवढीच.